आधी हात, मग नळी

बसाप्पा आण्णांनी उभ्या आयुष्यात मासा खाल्ला नाही. लिंगायताचं घर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि नोकरी कसली, तर मासे वाढवण्याची. गडहिंग्लजच्या बाजारात भाऊबंद त्यांना मुद्दाम अडवून विचारायचे, "काय बसाप्पा, मासं काय म्हणत्यात?" आण्णा पिशवी या हातातून त्या हातात घेत सांगायचे, "तुमचीच चौकशी करत्यात की," आणि पुढं चालू लागायचे.

त्यांच्याबरोबर मी एकोणीस वर्षं काम केलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणजे फळ्यावर मासा काढून त्याच्या अंगाला बाण जोडते. पाण्यातला जिता मासा आमच्या पोरांना आण्णा शिकवायचे. पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा 'शिपाई'. आमच्या संस्थेनं नदीकडच्या पडक्या जमिनीत सात तळी खणली, तेव्हा खणणाऱ्यांत विशीतले आण्णा होते. तळी झाली, बाकीचे गडी गेले, हे राहिले. तळ्यावर येणाऱ्या अधिकाऱ्यांचं बघून, त्यांचं बोलणं कानात साठवून, आणि स्वतः चुका करून ते शिकले. पहिल्या वर्षी किती मासे मारले ते सांगताना ते कान पकडायचे.

घरी त्यांच्या बायकोनं, महादेवी अक्कांनी, एक नियम घातला होता. दाराबाहेर बादली भरलेली असायची. आण्णांनी तिथंच अंघोळ करायची, कपडे बदलायचे, मगच उंबरा ओलांडायचा. थंडी असो, पाऊस असो. छत्तीस वर्षं त्या माणसानं रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत अंघोळ केली आणि एकदाही कुरकूर केली नाही. "मासं मला पोसत्यात, ती मला सोसती," एवढंच म्हणायचे.

दर ऑक्टोबरात तिसऱ्या वर्षाची पोरं एकवीस दिवस तळ्यावर प्रशिक्षणाला असतात. जाळं ओढायचं, छातीएवढ्या पाण्यात उतरायचं, पेंड आणि कोंडा कालवून खाद्य करायचं, लांबून आणलेली माशांची बारकी पिल्लं टाकीत सोडून जगवायची. या पिल्लांना आमच्याकडं मत्स्यबीज म्हणतात आणि ती बोटाएवढी झाली की बोटुकली. पहिल्या दिवशी आण्णा तीन बादल्या मांडायचे. तिन्हीत पाणी, पण ऊन वेगवेगळं. पोरांनी डोळे मिटून कोपरापर्यंत हात घालायचा आणि कुठलं किती गरम ते बोलायचं. बोलून झालं की थर्मामीटर. थर्मामीटरला आण्णा नळी म्हणायचे. "आधी हात, मग नळी," हा त्यांचा मंत्र. कशाला, तर आपला हात आपल्याशी किती खोटं बोलतो ते नळी दाखवते, आणि रोज असं केलं की हात हळूहळू खरं बोलायला लागतो. मी दोन पदव्या घेतल्या, पण शिकवण्याची इतकी शहाणी रीत मला कुणी सांगितली नव्हती.

आण्णांचा स्वतःचा हात इतका खरा झाला होता, की गेली कित्येक वर्षं ते नळीकडं बघतच नव्हते. आम्हीही बघत नव्हतो; नळी उरली होती ती पोरांच्या वहीपुरती. मंत्राचा अर्धा भाग कधी गळून पडला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

या पोरांतलं एक पोर दरवर्षी संस्थेतर्फे तीन महिने कोकणात जायचं, रत्नागिरीकडं. तिथं खाऱ्या पाण्यातलं शिक्षण: कोळंबी, खेकडे, शिंपले. तिथून आलेलं पोर पुढं हमखास मार्गी लागायचं. एकच जागा, आणि ती मिळायची तळ्यावरच्या कामावर. जाणाऱ्या पोरानं परत येताना आण्णांसाठी समुद्राच्या पाण्याची बाटली आणायची, अशी एक रीतच पडली होती. आण्णांनी समुद्र पाहिला नव्हता. ते त्या पाण्यात दोन बोटं बुडवायचे, "जड हाय गा," म्हणायचे आणि शेडमधल्या फळीवर बाटली ठेवून वर्ष लिहायचे. अशा अकरा बाटल्या होत्या.

२०२२ साली ती जागा तेजस्वीची होती. कोडोलीची पोर. पन्हाळ्याच्या पायथ्याकडून इतक्या लांब आमच्याकडं आली, हॉस्टेलवर राहिली, कारण मासे शिकायचे होते. घरी गोठा, चार म्हशी, वडिलांचा आग्रह डी.एड. करण्याचा. "कोकणात निवड झाली तर पुढचं शिकवीन, न्हाय तर घरी ये," असा करार करून ती आली होती. तीन बादल्यांच्या परीक्षेत तिनं पहिल्या दिवशी तिन्ही बरोबर सांगितल्या. आण्णा हरखले. तिला 'यव्वा' म्हणायला लागले. त्यांच्या कानडी घरात लाडक्या पोरीला असंच म्हणतात, आपण माय म्हणतो तसं.

सहाव्या दिवशी मत्स्यबीज यायचं होतं. पहाटे येणारा टेम्पो वाटेत बंद पडला आणि पोचला दुपारी एकला. ऑक्टोबरचं ऊन. सिमेंटची टाकी सकाळपासून तापलेली. पिल्लांच्या पिशव्या मात्र खोक्यांत बर्फ घालून आणलेल्या, गार. अशा वेळी पिशव्या अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी एक होऊ द्यायचं, आणि मग तोंड सोडायचं. हे आमचं शेंबडं पोरही सांगेल. पण वेळ फार गेला होता, पिशव्यांमधली हवा संपत आली असेल म्हणून सगळे घाईला आले होते. आण्णांनी एका पिशवीचं तोंड सोडून एक हात तिच्यात घातला, दुसरा टाकीत. क्षणभर थांबले. म्हणाले, "एकच हाय. सोडा."

पोरांनी पिशव्या सोडल्या.

दहा मिनिटांत पिल्लं आडवी झाली. आधी कडेची, मग मधली. अर्ध्या तासात टाकीवर पांढरी साय धरल्यासारखं झालं. तीस हजार जीव होते. तेजस्वी चाळण घेऊन ती पिल्लं गोळा करत होती आणि आण्णा टाकीच्या कठड्यावर बसून आपल्या हातांकडं बघत होते. मला वाटलं, दुःखानं बघतायत.

चार वाजता प्राचार्य आले. शेडमध्ये बावीस पोरं, मी, आण्णा. त्या दिवसाच्या बीजाची जबाबदारी तेजस्वीची होती. पाण्याचं तापमान नळीनं बघून वहीत लिहायचं तिचं काम. वहीतला रकाना कोरा होता. प्राचार्यांनी विचारलं, "तापमान बघितलंस का?"

तेजस्वी उभी राहिली. उजवी मूठ आवळलेली. आधी आण्णांकडं बघितलं, मग खाली.

"न्हाय सर," ती म्हणाली. "राह्यलं."

आण्णा बोलले नाहीत. ती जरा वेळ तशीच उभी राहिली, मग बसली.

माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून कॉलेजातला प्रत्येक अहवाल माझ्याच गळ्यात पडतो. 'विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द मी लिहिले. मला दहा मिनिटंही लागली नाहीत. चहा गार व्हायच्या आत सही करून मोकळी झाले. त्याची एक प्रत तेजस्वीच्या घरी गेली.

कोकणची जागा पृथ्वीराज नावाच्या पोराला मिळाली. चांगला पोरगा होता, त्याचा काही दोष नाही. तेजस्वी दिवाळीला कोडोलीला गेली ती परत आलीच नाही. करार तो करार. पुढं कळलं, की ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला लागली आहे. पृथ्वीराजनं कोकणातून बाटली आणली, तेव्हा आण्णांनी ती हातात घेतली नाही. "तुझ्या घरी ठेव जा," म्हणाले. मला वाटलं, वय झालं, चिडचिडे झालेत. आणि फळीवर बाराव्या बाटलीची जागा तशीच राहिली.

आता मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या ऑक्टोबरच्या कितीतरी आधी, तळ्यावर चहा पिताना, आम्ही सगळे स्टीलचे पेले पदरानं नाही तर रुमालानं धरून बसलो होतो. आण्णांनी उकळता पेला नुसत्या तळव्यात धरला होता. मी हसून म्हणाले होते, "आण्णा, हात आहे का सांडशी?" तेही हसले. पेला मात्र त्यांनी घाईघाईनं खाली ठेवला. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं तेव्हा काय विचारायला हवं होतं? मी कोटी केली आणि दुसरा चहा मागितला.

पुढच्या मे महिन्यात तळ्यावरचं पाणी उपसायचं इंजिन चालू होतं. आण्णा त्याच्या धुराच्या नळकांड्यावर हात टेकून माझ्याशी बोलत होते. मला आधी वास आला. मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली बघितलं. तळहाताची कातडी नळकांड्याला चिकटली होती आणि त्या माणसाच्या तोंडावर वेदनेची एक रेघ नव्हती. फक्त भीती होती, चोरी पकडल्याची.

मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी टाचणी टोचली, कापूस फिरवला. आण्णांना दोन्ही हातांत मनगटापर्यंत काही कळत नव्हतं. रक्तातली साखर वाढून वाढून हातांच्या नसा मेल्या होत्या. "किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारलं. आण्णा म्हणाले, "दोन वर्सं झाली."

दोन वर्षं. मी मागं मोजत गेले आणि त्या ऑक्टोबरपाशी येऊन थांबले. बाहेरच्या बाकावर बसल्यावर ते आपणहून बोलले.

"मॅडम, ती पोरगी खोटं बोलली. तिनं नळी बघितलती. मला कानात सांगितलं, आण्णा, नऊ डिग्रीचा फरक हाय. मी म्हणलं, नळी बिघडलीया, माजा हात सांगतोय एकच हाय."

"हाताला कळत होतं का तेव्हा काही?"

"कायबी कळत न्हवतं. अंदाजानं चाललं हुतं. पोरं बघत हुती की मॅडम. छत्तीस वर्सं हात घालून सांगत आलो. आता हात मेला म्हणून कसं सांगू?"

मला राग आला. त्यांचा आला, आणि त्याहून जास्त माझा आला. मी म्हटलं, "आणि प्राचार्यांनी विचारलं तेव्हा तोंड का शिवलं होतं?" ते पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन लहान पोरागत रडले. दवाखान्यातली माणसं बघायला लागली. शेवटी त्यांनी एकच हट्ट धरला: तिच्याकडं घेऊन चला.

आम्ही एसटीनं कागलला गेलो आणि तिथून वडापच्या जीपनं एमआयडीसीत. जेवणाच्या सुट्टीत ती गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आली. निळा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, केस टोपीत कोंबलेले. वाळली होती. आम्हाला बघून आधी तिनं पायांना हात लावला, मग तिची नजर पट्टीवर गेली.

"हाताला काय झालं, आण्णा?"

"भाजला. कळलं न्हाय." ते थांबले. "त्या दिवशी बी कळत न्हवतं, यव्वा."

ती हळू म्हणाली, "आसं हुतं व्हय. मला वाटलं, नळीच चुकली आसंल. तुमचा हात कवा चुकला न्हवता की."

"मग तू साहेबांस्नी खोटं का बोललीस?"

"बघितलं म्हणाले आसते तर पुढं इचारलं आसतं, मग सोडलं कशाला? मग तुमचं नाव घ्यावं लागलं आसतं. बावीस पोरांच्या म्होरं तुमाला कशी पाडू? म्हणलं, मी एवढं म्हणते, मग आण्णा सोताच म्हणतील, न्हाय साहेब, पोरीनं सांगितलं हुतं मला." तिनं उजवा हात टेबलावर ठेवला. "वहीत उतरवायच्या आधी मी हातावर लिवलं हुतं. चोवीस आन तेहतीस. मूठ आवळून हुबी हुते. तुमी बोलला की उघडून दावणार हुते."

आण्णांनी मान खाली घातली.

"संध्याकाळपातूर मूठ उघडली न्हाय मी," ती म्हणाली. "मग हॉस्टेलवर जाऊन धुतलं."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. आण्णा सांगत होते, मी साहेबांना खरं सांगतो, संस्थेच्या पाया पडतो, तुझी जागा तुला देववतो. ती म्हणाली, "आता नगं आण्णा. घरच्यांनी कसंबसं मन वळवून घेतलंय, आन माजं बी वळलंय. हितं मी पार्टची मापं बघती. हितं हात चालत न्हाय. गेज म्हणंल ते खरं." भोंगा झाला. ती उठली, चार पावलं गेली आणि मागं वळून म्हणाली, "मलम लावा येळच्या येळी."

मी तिथं बसून एक शब्द बोलले नव्हते. 'अहवाल मी लिहिला होता' हे वाक्य घशात घेऊन गेले होते आणि तसंच परत आणलं. येताना आण्णा खिडकीशी बसले. निपाणी मागं पडलं, तरी बाहेरच बघत होते.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पहिल्या दिवशी त्यांनी तीन बादल्या मांडल्या. पोरं गोल उभी राहिली. आण्णांनी दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "ह्या हातांवर कुणी इस्वास ठिवू नका." मग सगळं सांगितलं. टेम्पो, पिशव्या, नळी, नऊ डिग्री. तेजस्वीचं पूर्ण नाव, गाव, आणि ती कशी उभी राहिली आणि आपण कसे बसून राहिलो. नवी पोरं कावरीबावरी झाली. त्यांना काय कळणार, कोण तेजस्वी? मी मागं उभी राहून रडत होते. त्याच आठवड्यात मी प्राचार्यांकडं दुसरा अहवाल दिला. त्यांनी तो वाचला, फायलीत लावला आणि म्हणाले, "मॅडम, आता याचा काय उपयोग?" प्रश्न चुकीचा नव्हता.

पुढच्या वर्षी आण्णा निवृत्त झाले. तरी ऑक्टोबरात आले, कुणी बोलावलं नसताना. तीच तीन बादल्यांची गोष्ट, तेच नाव. थंडीत त्यांच्या पायाला खिळा लागला, आणि तोही त्यांना कळला नाही. जखम चिघळली, विष अंगात पसरलं. महिनाभरात गेले.

लिंगायतांच्यात बसवून पुरतात. खड्ड्यात विभूती, बेलाची पानं आणि मीठ घालतात. महादेवी अक्का कडेला बसल्या होत्या, रडून रडून आवाज गेला होता. मला म्हणाल्या, "शेवटच्या दिसांत पानी ऊन हाय का गार, मला इचारायचे. मी हात घालून सांगायची." माणसं एकेक करून मूठमूठ मीठ टाकत होती. त्या रांगेत निळ्या गणवेशातली तेजस्वी होती. मी तिला फोन केला होता, पण येईल असं वाटलं नव्हतं. तिनं मीठ घेतलं, खड्ड्याकडं बघत थोडा वेळ मूठ तशीच धरली आणि मग सोडली.

बाहेर रस्त्यावर आम्ही दोघीच थांबलो. तिला संध्याकाळच्या पाळीला पोचायचं होतं. मी म्हटलं, "तेजस्वी, तो अहवाल मी लिहिला होता."

"म्हाईत हाय, मॅडम. अक्षर वळखलं हुतं."

एसटी दिसायला लागली. तिनं पिशवी खांद्याला लावली.

"आण्णांनी पोरांस्नी सांगितलं म्हणं?"

"सांगितलं. दोन्ही वर्षं. पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, तुझं नाव घेऊन."

"दोनदा?"

"हो, दोनदा."

तिनं गाडीला हात केला.

"एकदाच पुरलं आसतं की, मॅडम. त्या दिवशी."